महादेव डाव हरतो तेव्हा

दिवाळीच्या पाडव्याला बळीराजाची आठवण काढतात, व्यापारी नव्या वह्या उघडतात, बायको नवऱ्याला ओवाळते. पंचांगात त्याच तिथीला आणखी एक नाव आहे: द्यूतप्रतिपदा. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला कैलासावर शंकर-पार्वती फासे खेळले, पार्वती जिंकली आणि शंकर हरले, अशी त्यामागची कथा. पंधरवडाभर आधी येणाऱ्या कोजागरीलाही रात्र जागवताना फासे खेळावेत असं व्रतग्रंथ सांगतात. एरवी जुगाराला कडक शब्दांत नावं ठेवणाऱ्या परंपरेने हे दोन दिवस मात्र पटासाठी राखून ठेवले.

ही कथा कानावरून गेलेले पुष्कळ भेटतात, ती दगडात पाहिलेले थोडे. वेरूळच्या चौदाव्या, एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात हा डाव भिंतभर कोरलेला आहे. कोरणाऱ्यांना जाऊन सुमारे १४०० वर्षं झाली. खेळाचा गौरव करणारं सार्वजनिक शिल्प म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो वानखेडे स्टेडियममधला सचिन तेंडुलकरचा पुतळा. अहिल्यानगरचे शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी घडवलेल्या त्या पुतळ्याचं अनावरण १ नोव्हेंबर २०२३ रोजी झालं. पण महाराष्ट्रातल्या क्रीडाशिल्पांची गोष्ट सांगायची तर ती वेरूळच्या या भिंतींपासून सांगायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. या शिल्पांत एक गोष्ट अशी आहे जी नंतरच्या क्रीडाशिल्पांत जवळजवळ दिसत नाही. इथे मधोमध बसलेला नायक हरलेला आहे, आणि तो साक्षात देव आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावच्या वाचकाला वेरूळ लांब वाटेल, पण लेणी त्याला लांब नाहीत. मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूरला वळून तळ्यावरून खाली उतरलं की राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याची २६ बौद्ध लेणी आहेत. त्यांच्या भिंतींवर देणगीदारांचे लेख आहेत. त्यांत महाभोज घराण्यातली मंडळी आहेत, तसाच एक माळी आहे, एक वैद्य आहे आणि थेट करहाकडचा, म्हणजे आजच्या कऱ्हाडचा, लोखंडाचा एक व्यापारी आहे. डोंगर कोरायचा तर पैसा लागतो आणि तो कुणाकुणाच्या कनवटीतून आला, हे कुडा आपल्याला नावानिशी सांगतो. सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात मोठ्या आकाराच्या स्त्री-पुरुषांच्या जोड्याही आहेत. माणसाचं शरीर आणि दोन माणसांमधली जवळीक कातळात कशी आणायची, याचा सराव आपल्याकडच्या पाथरवटांना वेरूळच्या त्या डावाच्या कितीतरी आधीपासून होता.

आणि घारापुरी तर आपल्याच जिल्ह्यातली. मुंबईकर गेटवेवरून बोटीत बसतो म्हणून ती मुंबईची वाटते, पण ते बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं. तिथल्या मुख्य लेण्यात पूर्वेच्या बाजूला कैलासावर बसलेल्या शंकर-पार्वतीचं एक भग्न शिल्प आहे. वेरूळचा डाव नीट पाहिला असेल तर त्या शिल्पासमोर पाऊल थबकतं. त्याबद्दल पुढे.

आधी वेरूळ. चौदाव्या लेण्याला लोक ‘रावण की खाई’ म्हणतात. आत गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खांबांमध्ये चौकटी पाडून एकेक कथा कोरली आहे. एका भिंतीवर विष्णूच्या आणि देवींच्या मूर्ती, समोरच्या भिंतीवर शिवाच्या कथा. त्या शिवाच्या भिंतीवर महिषासुरमर्दिनीच्या शेजारी हा डाव मांडला आहे. एका उंच चौथऱ्यावर शंकर आणि पार्वती समोरासमोर बसले आहेत. शंकराच्या मागे गणपती आणि एक सेवक, पार्वतीच्या मागे दोन सख्या आणि एक पुरुष. मधोमध, दोघांच्या पाठीमागून डोकावणारा हाडांचा सापळा म्हणजे भृंगी, शिवाचा कट्टर भक्त. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांची तपशीलवार नोंद केली, तेव्हा त्यांनी ही सगळी पात्रं मोजून ठेवली. चौथऱ्याच्या खाली नंदी आहे आणि त्याच्याभोवती बुटके, ढेरपोटे तेरा गण.

शिल्पासमोर उभं राहिलं की आधी नजर जाते ती या गणांकडेच, कारण ते आपल्या उंचीच्या जवळ आहेत. वर देवांचा डाव रंगला आहे आणि खाली यांची मस्ती चालू आहे. नंदी बिचारा मध्ये सापडला आहे. एकविसाव्या लेण्यात, म्हणजे ‘रामेश्वर’ लेण्यात, याच कथेच्या शिल्पाखाली गण नंदीला छळताना दिसतात. कुणी ओढतोय, कुणी शेपटीशी खेळतोय. काही अभ्यासक म्हणतात की शंकराने नंदीही पणाला लावला आणि तो हरला, म्हणून गण त्याला घेऊन चालले आहेत. हा अर्थ पटो वा न पटो, शिल्पकाराने काय केलं आहे ते स्पष्ट आहे: त्याने खेळाला प्रेक्षक दिले. कबड्डीच्या मैदानात दोरीला चिकटून बसलेली पोरं पाहिलेल्या कुणालाही ते गण लगेच ओळखू येतील. खेळ दोघांचा, पण त्याचा जल्लोष आणि धिंगाणा पाहणाऱ्यांचा. कुठलाही खेळ प्रेक्षकांशिवाय अर्धाच राहतो, हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं.

आता कथा. तिचं सर्वांत रंगतदार रूप स्कंदपुराणाच्या केदारखंडात आहे. नारद कैलासावर येतात आणि फासे खेळण्याची गोडी लावून देतात. खेळता खेळता शंकराची आभूषणं एकेक करत पार्वतीकडे जाऊ लागतात. हरल्याचं शंकर मान्य करायला तयार नाहीत. भृंगीला तर हे सहनच होत नाही. जगाचा स्वामी हरेलच कसा, असा त्याचा सवाल. पार्वती त्याला शाप देते आणि पणात जिंकलेल्या वस्तू स्वतःच्या हाताने काढून घेते: साप, चंद्रकला, शेवटी कौपीनसुद्धा. सगळ्या गणांदेखत निर्वस्त्र झालेला महादेव रागाने उठतो आणि अरण्यात निघून जातो. मग पार्वतीला करमत नाही. ती शबरीचं, म्हणजे रानातल्या बाईचं रूप घेऊन त्याच्यासमोर जाते. आणि हा वैरागी तिच्यावर भाळून तिला मागणी घालतो. शेवट समेटात होतो.

पुराणाने या कथेत एक विलक्षण धाडस केलं आहे आणि शिल्पकाराने ते जसंच्या तसं उचललं. त्रिपुर जाळणाऱ्या, मृत्यूला लाथाडणाऱ्या देवाला हरवायला कुठलाही असुर पुरेसा नव्हता. त्याला हरवलं ते खेळाच्या नियमाने. पटावर बसलं की देव आणि देवी सारखेच, दान पडेल ते दोघांनाही बांधील. भृंगीचा आक्षेप नेमका याच गोष्टीला आहे. त्याला वाटतं की मोठेपणा पटावरही चालावा. पार्वती ते चालू देत नाही. मला ही कथा वाचताना वाटतं की खेळ म्हणजे काय याची इतकी नेमकी समज फार थोड्या ग्रंथांत असेल. जिथे सामर्थ्यवानाला हरण्याची खरी शक्यता नाही, तिथे खेळ नाहीच.

या कथेचा सर्वांत सखोल अभ्यास डॉन हँडेलमन आणि डेव्हिड शुलमन या दोन विद्वानांनी केला. शिवाच्या फाशांच्या खेळावरचं त्यांचं पुस्तक १९९७ मध्ये निघालं आणि वेरूळच्या शिल्पांना त्यात महत्त्वाची जागा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं: हा खेळ म्हणजे सृष्टी सुरू होण्याची क्रिया आहे. शिव एकटा, पूर्ण, स्वतःत बुडालेला असतो तोवर जग नाही. तो खेळायला बसला की त्याच्यात आणि पार्वतीत भेद पडतो, तो काहीतरी गमावतो, आणि त्या गमावण्यातून जग बाहेर येतं. यात ओढाताण वाटेल, पण एक आधार लक्षात घ्यावा. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही युगांची चारही नावं मुळात फाशांच्या दानांची आहेत. कृत म्हणजे चाराचं सर्वांत चांगलं दान, कली म्हणजे एकाचं सर्वांत वाईट. काळाचं मोजमापच ज्या परंपरेने पटावरून उचललं, तिने कैलासावर पट मांडावा यात नवल नाही.

पण शिल्पाकडे परत येऊ, कारण तत्त्वज्ञानात फार वेळ राहिलं की दगड दिसेनासा होतो.

भारतीय शिल्पकाराला फासे खेळण्याचे कितीतरी क्षण निवडता आले असते. फासे हातात घोळवतानाचा, ते टाकतानाचा, दान पडल्याचा. वेरूळच्या कारागिरांनी मुख्यतः दोन माणसांमधला ताण निवडला. एकोणतिसाव्या लेण्यात, ज्याला ‘धुमार लेणं’ किंवा ‘सीता की न्हाणी’ म्हणतात, हे शिल्प प्रचंड आकाराचं आहे. या लेण्याच्या तीन बाजू उघड्या आहेत आणि प्रत्येक प्रवेशाच्या दोन्ही अंगांना एकेक भव्य शिल्प आहे. शिव-पार्वतीचा विवाह जिथे आहे, तिथेच समोर हा डाव. ही जोडी मुद्दाम लावलेली असावी असं मला वाटतं. एका बाजूला लाजणारी नवरी आणि तिचा हात धरलेला नवरा, दुसऱ्या बाजूला तेच जोडपं संसाराला रुळल्यानंतर हार-जीत करताना. मधल्या जागेतून चालणारा भाविक एका लग्नाची दोन टोकं ओलांडून आत जातो.

दुसरी जोडी रावणाची. कैलास उचलणारा रावण हे वेरूळचं लाडकं दृश्य. चौदाव्या लेण्यात ते त्याच भिंतीवर आहे, एकविसाव्यातही डावाबरोबर रावण आहेच. खाली दहा तोंडांचा रावण पर्वत हलवतो आहे, वर पार्वती दचकून शंकराला बिलगली आहे आणि शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून सगळं स्थिर करतो आहे. संस्कृत कवींना या प्रसंगात एक गंमत दिसली. रावणाने कैलास हलवला म्हणून रुसलेली पार्वती आपण होऊन शिवाच्या मिठीत आली, म्हणजे रावणाने शत्रुत्वाने उपकारच केला. माघाच्या ‘शिशुपालवध’ काव्यात पहिल्याच सर्गात ही कल्पना येते. आता दोन शिल्पं एकमेकांशेजारी ठेवून बघा. एकीकडे डाव, हार, वाद आणि रुसवा. दुसरीकडे पर्वत हलल्यावर झालेला समेट. भिंतींवरची ही चित्रं सुटी नाहीत. देवळात फिरणाऱ्याला ती एकाच घरातल्या गोष्टीसारखी उलगडत जातात.

आता घारापुरी. तिथल्या मुख्य लेण्याची मांडणी वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याशी इतकी मिळतीजुळती आहे की दोन्हींचा विचार नेहमी एकत्र केला जातो. मधला मंडप, तीन बाजूंनी प्रवेश, चारी दिशांना दारं आणि द्वारपाल असलेला लिंगाचा गाभारा. घारापुरीत पूर्वेच्या प्रवेशाजवळ दोन शिल्पं समोरासमोर आहेत. एकात कैलास हलवणारा रावण, दुसऱ्यात कैलासावर बसलेले शंकर-पार्वती. म्हणजे पुन्हा तीच जोडी. पार्वतीच्या मागे मूल घेतलेली एक स्त्री आहे, खाली नंदी आहे, भृंगीचा सापळा आहे, वरच्या ढगांतून गंधर्व-अप्सरा पाहत आहेत. शिल्प फार मोडलं आहे. पण पार्वतीचं अंग शंकरापासून वळलेलं आहे एवढं अजून दिसतं. जुन्या अभ्यासकांपैकी काहींनी तिला मानिनी, म्हणजे रुसलेली, म्हटलं. काहींनी तो थेट फाशांच्या डावानंतरचा रुसवा मानला. वेरूळला पट समोर दिसतो, तसा तो घारापुरीला दिसत नाही, म्हणून छातीठोकपणे बोलता येत नाही. तरी वेरूळ पाहून घारापुरीला आलेल्या माणसाला ते वळलेले खांदे ओळखीचे वाटतात, एवढं मी म्हणेन.

घारापुरीची मोडतोड पोर्तुगीज काळातली आहे, हवामानाची आणि नंतरच्या बेपर्वाईचीही. बेटावरचा एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला नेला आणि तो पुढे हरवला, अशी नोंद मिळते. त्यांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं, तो हत्ती १८६४ मध्ये हलवताना फुटला. त्याचे तुकडे जोडून तो आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. जो शिलालेख गेला, त्याच्याबरोबर ही लेणी कुणी खोदवली हे सांगणारा सर्वांत थेट पुरावाही गेला. कुड्याच्या माळ्याचं नाव आपल्याला वाचता येतं आणि घारापुरीच्या राजाचं नाही, हे मनाला लागतं.

तरीही एक धागा हाती आहे, तो म्हणजे नाण्यांचा. घारापुरीला कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली. त्याच राजाचं नाणं वेरूळला एकविसाव्या लेण्यासमोरही मिळालं. कृष्णराज सहाव्या शतकाच्या मध्यात होता. ही नाणी मजुरीसाठी वापरली गेली असावीत असं मानून वॉल्टर स्पिंक या अमेरिकी अभ्यासकाने दोन्ही ठिकाणची कामं कलचुरी काळाशी जोडली. कलचुरी घराणं पाशुपत पंथाचं भक्त होतं, आणि पाशुपतांचा आचार्य लकुलीश घारापुरीलाही आहे आणि वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्यातही. या पंथाचे साधू लोकांदेखत वेड्यासारखं वागत, मुद्दाम अपमान ओढवून घेत, कारण लोकांनी केलेल्या निंदेतून पुण्य मिळतं अशी त्यांची शिकवण. अशा पंथाला चारचौघांत हरलेला, उघडा पडलेला शिव प्रिय वाटला असेल, तर ते अगदी साहजिक आहे. ही जोडणी माझी आहे, पण मला ती विचार करण्याजोगी वाटते.

कातळात हे काम कसं होतं हे समजून घेतलं तर कारागिरांबद्दलचा आदर वाढतो. सह्याद्रीचा बसाल्ट कठीण आणि ठिसूळही. मूर्ती वेगळी घडवून भिंतीला लावायची सोय नाही. भिंत खोदत असतानाच मूर्तीसाठी किती दगड पुढे राखायचा हे ठरवावं लागतं. समोरासमोर बसलेल्या दोन व्यक्ती, त्यांच्यामध्ये पट, मागे उभे असलेले पाच-सहा जण आणि खाली गणांची झुंड, एवढ्या सगळ्यांना वेगवेगळ्या खोलीवर सोडत आत जायचं. एक हात चुकून उडाला तर तो परत लावता येत नाही. काम झाल्यावर त्यावर चुन्याचा लेप आणि रंग असे. वेरूळच्या कैलास लेण्यात अजून काही ठिकाणी लेप आणि रंगाचे अवशेष दिसतात. आज काळसर दिसणारा डाव तेव्हा रंगीत होता, आणि कदाचित पटावरची घरंही रंगाने आखलेली असतील.

पट कोणता, हा प्रश्न खेळाच्या इतिहासात रस असणाऱ्याला पडतोच. बर्जेस यांनी त्याला चौसर किंवा चौपट म्हटलं. फुलीच्या आकाराचा चौपट, ज्याला आपण सारीपाट म्हणून ओळखतो, त्याचे भक्कम पुरावे मात्र बऱ्याच नंतरच्या काळातले आहेत. प्राचीन भारतात फासे मात्र नक्की होते आणि फार जुने होते. मोहेंजोदडोला फासे सापडले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं दुःख सांगणारं एक आख्खं सूक्त आहे. त्यातले अक्ष म्हणजे बेहड्याची फळं. घरदार, बायको, मान सगळं घालवून बसलेला तो माणूस आजच्या कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रात भेटेल. महाभारतात द्यूताने एक राजघराणं रसातळाला नेलं, नळराजाला रानोमाळ हिंडवलं. म्हणजे वेरूळचे कारागीर काही निरागस करमणूक कोरत नव्हते. या खेळाने काय होतं हे त्यांना माहीत होतं. फरक इतकाच की कैलासावर हरलेलं परत मिळतं. कुरुसभेत हरलेलं परत मिळायला अठरा दिवसांचं युद्ध लागलं.

लेण्यांमध्ये खेळाचं आणखी एक शिल्प आहे, पण ते कुणी शिल्प म्हणून पाहत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांच्या ओट्यांवर आणि किल्ल्यांच्या कातळावर वाघ-बकरीचे, नवकंकरीचे पट आणि सोंगट्यांसाठी खोदलेले खळगे आढळतात. कुणी राखणदाराने, कुणी वाटसरूने, पावसाळ्यात अडकलेल्या कुणा साधूने ते खोदले असतील. बारकाईने पाहणाऱ्याला ते रायगड जिल्ह्यातही सापडू शकतात. अलीकडे हौशी आणि व्यावसायिक अभ्यासक त्यांच्या नोंदी करू लागले आहेत, हे फार चांगलं झालं. जिथे असा पट दिसेल तिथे त्यावर खडू घासू नये, दगड मारून तो ‘स्पष्ट’ करू नये, फक्त फोटो आणि जागेची नोंद घ्यावी. देवांच्या डावाला जे संरक्षण मिळतं ते या गरीब पटांना मिळत नाही.

कैलासावरचा डाव महाराष्ट्रात लेण्यांपुरता उरला नाही, ही मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तो जेजुरीला गेला. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले, खंडोबा हरला आणि ठरल्याप्रमाणे बारा वर्षांच्या वनवासाला निघाला, ही कथा वाघ्या-मुरळी आजही जागरणात सांगतात. वनवासात तो चंदनपुरीला बाणाईकडे मेंढ्या राखायला राहिला, म्हातारा चाकर होऊन. मग चमत्कार, मग बाणाईशी लग्न, मग दोन बायकांचं भांडण. केदारखंड शेजारी ठेवून पाहा. तिथेही देव डाव हरतो, घर सोडतो, रानात जातो आणि तिथे रानातल्या बाईवर त्याचा जीव जडतो. पुराणात ती बाई पार्वतीच असते. जेजुरीत ती धनगराची लेक आहे. लोककथेने देवाच्या हरण्यातून धनगर समाजाला देवाच्या घरात जागा करून दिली. डाव हरला नसता तर मल्हारी बाणाईपर्यंत पोचलाच नसता, आणि जेजुरीचा देव मेंढपाळांचा इतका आपला झाला नसता. तुळजापूरलाही भारतीबुवांच्या मठात भवानी आई सारीपाट खेळायला येत असे अशी श्रद्धा आहे. मराठी मुलखातल्या देवांना पटाचं वावडं नाही. ते भक्तांशी, बायकोशी खेळतात आणि हरतातही.

आता जरा जगाकडे पाहू. पाश्चात्त्य जगात क्रीडाशिल्प म्हटलं की मायरन या ग्रीक शिल्पकाराचा थाळीफेक्या आठवतो. इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या मध्यातलं ते कांस्यशिल्प केव्हाच नाहीसं झालं. आपल्याला दिसतात त्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रतिकृती. त्यातली एक १७८१ मध्ये रोममध्ये सापडली. १९३८ मध्ये हिटलरने ती विकत घेऊन जर्मनीला नेली आणि युद्धानंतर १९४८ मध्ये ती इटलीला परत आली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या दुसऱ्या प्रतीला दुरुस्ती करणाऱ्यांनी डोकं चुकीच्या दिशेने बसवलं आणि ते तसंच राहिलं. थाळी सुटण्याआधीचा तो क्षण, धनुष्यासारखं ताणलेलं शरीर, तोल, प्रमाण या सगळ्यात ते शिल्प अजोड आहे. पण चेहरा शांत आहे. प्लिनी या रोमन लेखकानेही मायरनबद्दल तक्रार केली होती की त्याने शरीराची काळजी घेतली, मनातल्या भावना काही दाखवल्या नाहीत. तो खेळाडू जिंकेल की हरेल, कुणाविरुद्ध खेळतो आहे, कोण पाहतं आहे, यातलं काहीच तिथे नाही.

वानखेडेवरचा सचिन त्याच घराण्यातला आहे. बॅट पूर्ण फिरलेली, नजर वर उडालेल्या चेंडूवर, शरीराचा सगळा भार पुढच्या पायाशी जोडलेला. गोलंदाज नाही, यष्टिरक्षक नाही, प्रेक्षक म्हणजे आपण. एका माणसाचा, एका फटक्याचा तो गौरव आहे आणि तो गौरव व्हायलाच हवा होता. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणाऱ्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा गौरवही त्याच तोलाचा, त्याच ठळकपणे मुंबईत कुठेतरी व्हावा, ही माझी जुनी इच्छा आहे. तिकिटाच्या पैशांसाठी घरोघर फिरलेला तो पैलवान त्याला शंभर टक्के पात्र आहे.

पण वेरूळच्या शिल्पात जे आहे ते या घराण्यात येत नाही, कारण तिथे कौतुकाचा विषय एक शरीर नाही. दोन बाजू, त्यांच्यातला नियम, निकाल न मानणारा भृंगी, मजा लुटणारे गण, आणि सगळ्यांच्या मध्ये हार पत्करायला शिकणारा देव असा अख्खा खेळच तिथे कोरला आहे. पुढच्या काळात आपण खेळाडूंचे पुष्कळ पुतळे उभारणार आहोत, ते दिसतंच आहे. त्यातल्या एखाद्या शिल्पकाराने तरी एकविसाव्या लेण्यासमोर एक दिवस घालवावा. कबड्डीच्या चढाईत पकडणारे सात आणि सुटणारा एक, अशी आठ शरीरं एकमेकांत गुंतलेली असताना त्यातला ताण दगडात कसा आणायचा, याचं उत्तर त्याला तिथे मिळू शकेल. रायगडात असं कबड्डीचं शिल्प उभं राहिलं तर ते आपल्या मातीला साजेसंच होईल.

पाहायला जायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वेरूळ मंगळवारी बंद असतं, घारापुरी सोमवारी. वेरूळला बहुतेक लोक कैलास लेणं पाहून परत फिरतात. चौदावं आणि एकविसावं लेणं त्याच्या दोन बाजूंना चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकोणतिसावं मात्र बरंच पुढे, धबधब्यापाशी आहे, आणि पावसाळ्यात तिथलं दृश्य वेगळंच असतं. एकविसाव्यात शिरताना ओसरीवरची गंगेची मूर्ती डाव्या हाताला आहे, तिच्यासाठी थांबावंच लागतं. मग आत डावासमोर उभं राहून नजर खालून वर न्यावी: आधी नंदी आणि त्याला छळणारे गण, मग मधला भृंगी, मग पार्वतीचे हात, आणि सर्वांत शेवटी शंकराचा चेहरा. बॅटरी असेल तर ती समोरून मारू नये, बाजूने धरावी. तिरप्या उजेडात खोलीचे थर उठून दिसतात आणि कुठला हात कुणाचा हे कळतं. घारापुरीला हीच रीत पूर्वेच्या त्या मोडक्या शिल्पापुढे वापरावी, आणि तिथे सकाळच्या पहिल्या बोटीने जावं, कारण त्या बाजूला उजेड सकाळी येतो.